रीसेल फ्लॅटचं गृहकर्ज: हातात नेमके किती पैसे हवेत?

प्रश्न

पुणे महापालिका हद्दीत रीसेल टू बीएचके घेतोय. सौदा ६२ लाखांत ठरतोय, पण विक्रेत्याचं त्यावर कर्ज चालू आहे. एजंट म्हणतो, ९० टक्के लोन होईल, उद्याच टोकन द्या. माझ्याकडे १३ लाख आहेत. पुरतील का?

प्रतिसाद १

नाही पुरणार. ९० टक्के ही मर्यादा ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के. म्हणजे फार तर ४९ लाख ६० हजार मिळतील, १२ लाख ४० हजार तुमचे. मुद्रांक शुल्क या हिशोबात धरत नाहीत. ते पुण्यात ७ टक्के, म्हणजे ४ लाख ३४ हजार. नोंदणी फी ३० हजार. झाले १७ लाख ४ हजार. शिवाय प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च (मालकीच्या कागदांची तपासणी), गहाणखताचं शुल्क, सोसायटीची ट्रान्सफर फी आणि दलाली. रेडी रेकनरने (सरकारी मूल्यदर तक्त्याने) किंमत ६२ च्या वर निघाली तर मुद्रांक शुल्क त्या वरच्या रकमेवर लागेल.

आणखी एक: बँक ८० टक्के काढते ते करारातली किंमत आणि व्हॅल्युअरची (बँकेच्या मूल्यांकनकाराची) किंमत यांतल्या कमी आकड्यावर. टेरेसवर पत्रा टाकून खोली केली असेल, तर विक्रेता तिचे पैसे लावतो; मंजूर नकाशात ती नसेल तर व्हॅल्युअर धरत नाही. ५८ लाखांचं व्हॅल्युएशन आलं तर कर्ज ४६ लाख ४० हजारांवर येतं, आणि वरचे ३ लाख २० हजार तुम्हालाच उभे करावे लागतात. म्हणून टोकनआधी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेची परवानगी) बघाच.

प्रतिसाद २

टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) राहिला. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर पूर्ण किमतीवर १ टक्का, इथे ६२ हजार. हा जादा खर्च नाही. विक्रेत्याच्या पैशातून कापून तुम्ही सरकारात भरायचा. विक्रेता अनिवासी असेल तर हा दर लागू नाही, आधी सीएला विचारा.

टोकन चेकनेच द्या, आणि विसार पावतीत 'कर्ज नामंजूर झाल्यास किंवा टायटलमध्ये दोष निघाल्यास रक्कम १५ दिवसांत परत' हे वाक्य लिहून घ्या. ते नसेल तर टोकन अडकतं.

प्रश्नकर्ता

फ्लॅट एकट्या बायकोच्या नावे घेतला तर शुल्क वाचतं ना? मग लोन दोघांचं होईल का?

प्रतिसाद २

वाचतं, १ टक्का, म्हणजे ६२ हजार. मात्र खरेदीदार फक्त महिलाच हवी, दुसरं नाव घातलं की सवलत गेली. तुम्ही सहकर्जदार होऊ शकता. पण मालकी नसेल तर जुन्या करप्रणालीतली व्याजाची वजावट तुम्हाला मिळणार नाही. हप्ता तुमच्या पगारातून जाणार असेल तर हा हिशोब आधी मांडा.

प्रतिसाद ३

विक्रेत्याच्या कर्जाचं सांगतो, कारण घोडं बहुतेकदा तिथेच अडतं. त्याने त्याच्या बँकेतून दोन कागद काढायचे: फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. यादीत बिल्डरपासूनचे सगळे करार, नोंदणीच्या पावत्या, इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) आहेत का, एकेक ओळ ताडून बघा. मधलाच एखादा करार हरवला असेल तर पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, यात महिना सहज जातो.

मग करार नोंदवायचा, त्यात बाकी रक्कम आणि कर्ज खात्याचा क्रमांक घालून. तुमच्या बँकेचा पहिला चेक थेट त्या कर्ज खात्याच्या नावे निघतो, विक्रेत्याच्या नावे नाही. उरलेली रक्कम मूळ कागद तुमच्या बँकेत आल्यावर विक्रेत्याला.

इथे बारीक गोष्ट: फोरक्लोजर लेटरवर तारीख असते आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज. चेक आठ दिवस उशिरा पोचला तर काही हजार कमी पडतात, खातं बंद होत नाही, कागद निघत नाहीत. तो फरक विक्रेत्याने त्याच दिवशी भरायचा, हे करारातच लिहा. खातं बंद झाल्यावर ३० दिवसांत कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.

तुमच्या स्वतःच्या कर्जासाठी कागद बँकेकडे गहाण ठेवले की त्या तारखेपासून ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची दुय्यम निबंधकाकडे द्यायची सूचना) भरा. गहाणखत बँकेने नोंदवून घेतलं असेल तर वेगळी लागत नाही, मंजुरीपत्र घेतानाच विचारून घ्या.