‘जादूचा ई’ ही जादू नाही, आणि मुलांना ती जादू म्हणून सांगूही नये

पहिलीची बाई:
पालकांच्या गटावर काल एक संदेश फिरत होता: ‘शब्दाच्या शेवटचा ई जादूचा असतो. तो स्वतः गप्प बसतो आणि आधीच्या स्वराला त्या स्वराचे स्वतःचे नाव घ्यायला लावतो. एवढा एक नियम पाठ करून घ्या, मूल आठवडाभरात इंग्रजी वाचू लागेल.’ एका दिवसात तीन पालकांनी मला तो दाखवला आणि ‘तुम्ही हे का शिकवत नाही?’ असे विचारले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हॅट, किट, नॉट, कब या शब्दांना ई जोडला की हेट, काइट, नोट, क्यूब होतात आणि मुलांना त्यात मजा वाटते, हे मला मान्य आहे. परंतु पुढच्याच आठवड्यात त्यांच्या पुस्तकात हॅव्ह, गिव्ह, लव्ह, कम, सम आणि डन येतात. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाने ‘हॅव्ह’ हा शब्द ‘हेव्ह’ असा वाचला. मी चूक सांगितल्यावर त्याने शेवटच्या ई वर बोट ठेवले आणि विचारले, “मग हा जादू का करत नाही?” मीच शिकवलेला नियम तो प्रामाणिकपणे पाळत होता. १९६३ साली थिओडोर क्लायमर यांनी अमेरिकेतील प्राथमिक वाचनपुस्तकांतल्या शब्दांवर असे नियम तपासले, तेव्हा हा नियम सुमारे ६३ टक्के शब्दांनाच लागू पडला.

त्या ई ला अनेक कामे असतात. इंग्रजी शब्द सहसा व्ही वर संपत नाही, म्हणून गिव्हमध्ये तो येतो. डान्स आणि लार्जमध्ये तो सी आणि जी यांचा उच्चार मऊ, म्हणजे ‘स’ आणि ‘ज’ सारखा करतो. हॉर्समध्ये तो नसता, तर शेवटचा एस अनेकवचनाचा वाटला असता. मुलांना ‘ई इथे कोणते काम करतो आहे?’ असे विचारायला शिकवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

नाशिकचा बाबा:
बाई, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, की हे सगळे सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर लादणे मला पटत नाही. आम्हाला पाचवीपासून इंग्रजी होते आणि त्यात नियम म्हणून काही नव्हतेच. ‘एन ए एम ई नेम, नेम म्हणजे नाव’ असे घोकायचे, आणि स्पेलिंग लक्षात राहावे म्हणून मनात ‘नामे’ म्हणायचे. ‘लाइक’साठी ‘लिके’. चुकले की हातावर छडी बसायची. या शब्दांमागे काही सूत्र असते, हे मला माझ्या मुलीच्या फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याच्या, वहीतून वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळले, आणि त्या रात्री मला खरोखर वाईट वाटले. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याला ६३ टक्के हा फार मोठा आधार आहे.

शिवाय नियम नीट सांगा ना. एकच स्वर, मग एकच व्यंजन, मग ई. एवढे म्हटले, की तुमचे डान्स, लार्ज आणि हॉर्स आपोआप बाहेर पडतात.

निवृत्त गुरुजी:
मूळ दुखणे वेगळेच आहे. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले आणि जोडाक्षरे अजून न वाचणाऱ्या लेकरांपुढे हा गोंधळ मांडला गेला. मराठी जशी लिहितो तशी वाचतो. एका अक्षराचा एक उच्चार, हे ज्याच्या मनात अजून पक्के झालेले नाही, त्याला तुम्ही न बोलणारे अक्षर दाखवता. आधी मराठी वाचन पक्के होऊ द्या, मग मुका ई शिकवायला दोन दिवसही लागणार नाहीत.

भाषाभ्यासक:
गुरुजी, मराठी जशी लिहितो तशी वाचतो, हे खरे नाही. ‘घर’ या शब्दातल्या शेवटच्या ‘र’ मधला अ आपण उच्चारत नाही. ‘बदल’ म्हणताना द पूर्ण असतो, पण ‘बदला’ म्हणताना तोच द अर्धा होतो. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च वेगळे आहेत, अक्षर मात्र एकच. आपल्याकडेही मुका अ आहे आणि मुले तो कोणत्याही नियमाशिवाय शिकतात.

निवृत्त गुरुजी:
चाळीस वर्षे मी पहिलीचा वर्ग घेतला आहे. माझ्या भाषेची बरोबरी त्या अनागोंदीशी केलेली मला सहन होत नाही. ‘बदला’ वाचताना अडलेले एकही मूल मी पाहिलेले नाही.

भाषाभ्यासक:
कारण शाळेत येण्याआधीच ती मुले ‘बदला’ हा शब्द हजार वेळा ऐकून आलेली असतात! ‘हॅव्ह’ त्यांनी ऐकलेला नसतो. फरक लिपीत नाही, कानात आहे. आणि इंग्रजीतला हा ई पूर्वी बोलतही असे. चौदाव्या शतकाच्या सुमारास ‘नेम’चा उच्चार ‘नाम’च्या जवळ होता, शेवटच्या म मधला अ स्पष्ट ठेवून. नाशिकच्या दादांचे ‘नामे’ त्या जुन्या उच्चारापासून फार दूर नव्हते. ‘घर’ मधल्या अ प्रमाणेच तो आवाज गळाला आणि खूण मागे राहिली. यात मराठीचा अपमान कुठे आहे?

लेस्टरची आई:
इथल्या शाळेत माझ्या मुलाला ‘जादू’ हा शब्द कोणी सांगितला नाही. ए आणि ई ही एक जोडी आहे आणि मध्ये व्यंजन आल्यामुळे ती दुभंगली आहे, असे शिकवतात. बाई फळ्यावर ‘केक’ लिहून ए पासून ई पर्यंत के च्या खालून एक कमान काढतात. इंग्लंडमध्ये २०१२ पासून या वयाच्या मुलांची ४० शब्दांची वाचनचाचणी होते आणि त्यातले २० शब्द मुद्दाम निरर्थक असतात, म्हणजे पाठांतर उपयोगी पडत नाही.

तोच मुलगा रविवारी माझ्यासमोर मराठी वाचताना ‘ब-द-ला’ असे तीन पूर्ण अक्षरांत वाचतो, कारण त्याच्या कानावर मराठी कमी पडते. गुरुजी, तुम्हाला न भेटलेले मूल माझ्या घरात आहे. मात्र ‘कि’ त्याला पटकन जमला. वेलांटी क च्या आधी काढतो पण म्हणतो नंतर, हे सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे केकमधल्या ई सारखेच, खूण एकीकडे आणि आवाज दुसरीकडे.” आपल्या मुलांना हे उलट दिशेने का सांगू नये? वेलांटी त्यांना आधीपासून येते.

पहिलीची बाई:
वेलांटीचे हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. दादा, नियम काटेकोर सांगितला तर अर्धे अपवाद गळतात, हा तुमचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. तरीही हॅव्ह आणि गिव्ह उरतातच, आणि ते रोजचे शब्द आहेत.

नाशिकचा बाबा:
उरतात. त्यांची वेगळी यादी करा आणि ती पहिल्याच दिवशी दाखवा, एवढे मीही मानतो. ‘जादू’ म्हणणे सोडायला मात्र मी तयार नाही, कारण त्या एका शब्दामुळे माझी मुलगी वही उघडून बसली.

निवृत्त गुरुजी:
काल रात्री मनाचे श्लोक म्हणताना ‘गणाधीश’ मधला श मी पूर्ण म्हटला, आणि सकाळी नातवाला ‘गणेश’ अशी हाक मारताना तो तोडला. तेवढ्यापुरते भाषाभ्यासक ताईंचे म्हणणे बरोबर आहे. पहिलीपासूनच्या इंग्रजीला माझा विरोध कायम आहे.

पहिलीची बाई:
सोमवारी फळ्यावर चारच जोड्या लिहिणार आहे आणि प्रत्येकीखाली कमान काढणार आहे. हॅव्ह आणि गिव्ह उजव्या कोपऱ्यात, चौकटीत, कमानीशिवाय लिहीन. गेल्या वर्षी प्रश्न विचारणारा मुलगा आता दुसरीत आहे. मधल्या सुट्टीत त्यालाही बोलावून ती चौकट दाखवीन.