सुमनताईंचा आवाज तुम्ही प्रथम कधी ओळखलात?

सुमन कल्याणपूर यांना २०२३ मध्ये पद्मभूषण जाहीर झाले, त्या संध्याकाळी आमच्याकडे पेढे आणले होते आणि ते कशाचे, हे शेजाऱ्यांना समजावून सांगावे लागले. साठीच्या दशकात हिंदी चित्रपटांत आणि मराठी भावगीतांत एकाच वेळी बहरलेला हा आवाज आपल्यापैकी अनेकांनी आधी ऐकला आणि तो कोणाचा, हे पुष्कळ उशिरा जाणले. तुमच्या बाबतीत ते कसे घडले, एवढेच लिहावे. आवडत्या गाण्यांच्या याद्या नकोत.

गिरगाव
माझे डोळे, खरे तर कान, काकांनी उघडले. ‘ममता’ (१९६६) चित्रपटातील ‘रहें ना रहें हम’ मी लताबाईंचे म्हणून गुणगुणत होते, तेव्हा ‘कोणते? एकटीचे की दोघांचे?’ असे त्यांनी विचारले आणि मला उत्तर देता येईना. रोशन यांची तीच चाल एकदा लताबाईंच्या एकल स्वरात आणि एकदा रफी व सुमनताईंच्या युगुलस्वरात आहे, हे मला ठाऊकच नव्हते. काकांनी दोन्ही गाणी लागोपाठ ऐकवली, पुन्हा ऐकवली, आणि तिसऱ्या खेपेस मला फरक जाणवला: सुमनताई ओळीचा शेवट जणू हातातून अलगद खाली ठेवतात. हे वर्णन शास्त्रशुद्ध नसेल. पण त्यानंतर माझी गफलत क्वचितच झाली. काका कारकून होते, गाणे शिकलेले नव्हते.

नागपूर
‘निंबोणीच्या झाडामागे’ हे १९७७ च्या चित्रपटातले, म्हणजे साठीच्या दशकातले नव्हे, याची जाणीव आहे. ती अंगाई लावली की आमचे चिरंजीव टक्क जागे राहत आणि मी झोपत असे.

पुणे
एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. गाण्यांच्या रॉयल्टीच्या प्रश्नावरून रफी आणि लताबाई काही वर्षे एकत्र गात नव्हते, म्हणून सुमनताईंना संधी मिळाली, असे जिथे तिथे ऐकायला मिळते. ‘ब्रह्मचारी’तील ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ किंवा ‘राजकुमार’मधील ‘तुमने पुकारा और हम चले आए’ यांसारखी युगुलगीते त्या वादाविना कदाचित त्यांच्या वाट्याला आली नसती, हे मान्य. परंतु दशरथ पुजारी यांनी ‘केशवा माधवा’ त्यांच्याकडून गाऊन घेतले, त्यासाठी कोणाच्या भांडणाची गरज पडली नव्हती. केशवराव भोळ्यांसारख्या जाणत्याकडे शिकलेल्या आणि १९५४ च्या सुमारासच पार्श्वगायनात आलेल्या गायिकेला केवळ रिकामी जागा भरणारी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. मराठी श्रोत्याने तरी ते करू नये.

रत्नागिरी
शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘केतकीच्या बनी’वर आम्ही मोर झालो होतो. पिसे कमी पडल्यामुळे मी लांडोर झाले. गाणाऱ्या बाईंचे नाव गुरुजींनी फळ्यावर लिहिले होते, ते तेव्हापासून पाठ आहे.

ठाणे
वडिलांच्या पश्चात त्यांच्या कॅसेटी आवरताना ही गोष्ट हाती लागली. त्यांनी रेडिओवरून मुद्रित करून घेतलेल्या गाण्यांची सूची प्रत्येक वेष्टनावर निळ्या शाईत, क्रमांक घालून लिहिलेली असे. ‘नूर महल’ हा चित्रपट आज फारसा कोणाच्या स्मरणात नसेल, मात्र त्यातील ‘मेरे मेहबूब न जा’ टिकून राहिले. सूचीत त्या गाण्यापुढे प्रथम ‘लता’ असे लिहिले होते. ते खोडून, लाल शाईत, बहुधा बऱ्याच वर्षांनंतर, कारण अक्षर कापरे झालेले दिसते, त्यांनी ‘सुमन’ असे लिहिले आहे आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. कॅसेट आता वाजत नाही. वेष्टन मी ठेवले आहे.