लेदर सैल पडतं, पण लांबीत नाही

लेदरचे स्नीकर्स घेताना 'लेदर सैल पडतंच, अर्धा नंबर लहान घ्या' असं सांगतात, ते रुंदीपुरतं खरं आहे. लांबीत बूट वाढत नाही. अंगठा आज टेकतोय तर तो पुढंही टेकणार. आणि आपल्याकडं लहानपणापासून कोल्हापुरी चप्पल घालणाऱ्यांचे चवडे बऱ्याचदा पसरट असतात, म्हणून नंबराआधी रुंदी बघा. माझा भाऊ कोल्हापुरात राजारामपुरीत नायकीचा एअर जॉर्डन १ हा बूट घालून बघत होता. नंबर बरोबर, टाच घट्ट, पण करंगळीपाशी लेदर बाहेर फुगलेलं. मी घेऊच दिला नाही. बूट संध्याकाळी बघावा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो, आणि मोजे रोजचेच घालावेत.

आरामाचं म्हणाल, तर नायकीचाच एअर फोर्स १ हा १९८२ चा, जॉर्डन १ हा १९८५ चा. चपटा, जड रबरी सोल, कडेनं शिवलेला. हल्लीच्या रनिंग शूजचा मऊपणा त्यात येणार नाही. रंकाळ्यावर रोज चालायचं असेल तर वेगळा जोड घ्या. दिसायला मात्र घोट्यापर्यंत येणाऱ्या हाय-टॉपला तोड नाही, फक्त पँट घोट्यावर गोळा होणार नाही एवढी आखूड हवी.