आलेख वरून सपाट येऊन राहिला, काय चुकलं?

दहावीचा विद्यार्थी, दारव्हा तालुका
नाल्याच्या काठाला लागून वांग्याची वाडी. तार ६० मीटर, नाल्याकडची बाजू मोकळी, बाकी तीन बाजूंना कुंपण. रुंदी क्ष धरली, म्हणून लांबी ६० − २क्ष आणि क्षेत्रफळ य = ६०क्ष − २क्ष². क्षच्या किमती ०, १०, २०, ३० घेतल्या. य आले ०, ४००, ४००, ०. पट्टीनं जोडलं तर वरून सपाट. मग जास्तीत जास्त क्षेत्रफळाची रुंदी १५ कशी? आणि नुसता आलेख दिला तर समीकरण कसं लिहायचं?

गणित शिक्षक, यवतमाळ जिल्हा
आकडे बरोबर आहेत, पट्टी चुकली. वर्गसमीकरणाच्या आलेखात कुठेच सरळ तुकडा नसतो. १० आणि २० ला य सारखाच आला, म्हणजे शिरोबिंदू (इथं वक्राचा सगळ्यात उंच बिंदू) त्यांच्या मधोमध, १५ वर. नेमकी तीच किंमत तुमच्या तक्त्यात नाही. ५-५ नं घ्या: ०, २५०, ४००, ४५०, ४००, २५०, ०. क्ष-अक्षावर १ सेंमी = ५ मीटर, य-अक्षावर १ सेंमी = ५० चौ.मी. मोकळ्या हातानं वक्र काढा, १५ जवळ टोक येऊ देऊ नका. रुंदी ० ते ३० च्या बाहेर आलेख नेऊ नका, तिथं वाडीच उरत नाही.

उलटं जाताना आलेख क्ष-अक्षाला ० आणि ३० वर छेदतो, म्हणून य = अ·क्ष(क्ष − ३०). बहुतेक पोरं इथंच थांबतात आणि अ = १ धरतात; मग वक्र खाली तोंड करण्याऐवजी वर उघडतो. तिसरा बिंदू (१०, ४००) घाला: ४०० = अ × १० × (−२०), अ = −२.

एक पालक, मोर्शी
रेषेचा घोळ वेगळाच असतो. जिनिंगपर्यंत कापूस न्यायला गाडीचे ५०० ठोक, वर क्विंटलमागे ६० रुपये, असं उदाहरण घ्या. य = ६०क्ष + ५००. बिंदू (०, ५००), (५, ८००), (१०, ११००). रेषा आरंभबिंदूतून जात नाही. माल शून्य असला तरी ५०० द्यावेच लागतात. प्रमाण १ सेंमी = २ क्विंटल आणि १ सेंमी = २०० रुपये असेल, तर कागदावर सेंटिमीटर मोजून चढ १.५ ÷ २.५ = ०.६ येतो. तो चूक. चढ अक्षावरच्या किमतींनी काढायचा: ३०० ÷ ५ = ६०.

दहावीचा विद्यार्थी, दारव्हा तालुका
समजलं सर. आता ४०० ची आडवी रेषा काढली तर वक्राला दोनदा छेदते. कोणतं उत्तर खरं?

गणित शिक्षक, यवतमाळ जिल्हा
दोन्ही. १० × ४० आणि २० × २०. ५०० ची रेषा काढून पाहा, छेदणारच नाही: क्ष² − ३०क्ष + २५० = ०, विवेचक (ब² − ४अक) ९०० − १००० = −१००, ऋण आला म्हणजे क्षला वास्तव उत्तरच नाही. एवढ्या तारेत ५०० चौ.मी. बसत नाही.