शब्दचर्चा : व्याप्ती, व्याप्य, व्यापक

प्रश्न : अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात, म्हणजे न्यायशास्त्राच्या प्राथमिक ग्रंथात, ‘यत्र यत्र धूमस्तत्र तत्राग्निरिति साहचर्यनियमो व्याप्तिः’ असं व्याप्तीचं लक्षण, म्हणजे व्याख्या, आहे : जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हा बरोबर असण्याचा नियम. मराठीत व्याप्ती म्हणजे आवाका, पसारा. ‘कामाची व्याप्ती वाढली’ हा अर्थ इथे कसा लावायचा? शिवाय धूर व्याप्य आणि अग्नी व्यापक म्हणतात, तेही उलटं वाटतं. पसरतो तो धूर ना? कॉलेज सुटून वीस-पंचवीस वर्षं झालेल्या माणसाने हे पक्कं कसं करावं?

उत्तर : पसाऱ्याचा अर्थ टाकू नका, तोच उपयोगी पडतो. फक्त पसारा धुराच्या लोटाचा नव्हे, ठिकाणांचा मोजायचा. जिथे जिथे धूर आहे ती सगळी ठिकाणं अग्नीच्या ठिकाणांत येतात; अग्नीची ठिकाणं त्याहून जास्त आहेत. ज्याची ठिकाणं जास्त तो व्यापक, ज्याची त्यात सामावतात तो व्याप्य. (कधी दोघांची ठिकाणं सारखीच असतात, त्याला समव्याप्ती म्हणतात.) अनुमान व्याप्याकडून व्यापकाकडे जातं. हेतू (ज्यावरून ओळखायचं तो, इथे धूर) व्याप्य, साध्य (जे सिद्ध करायचं ते, इथे अग्नी) व्यापक.

इथे एक अडचण हमखास येते. दृष्टान्त ‘यथा महानसः’, म्हणजे स्वयंपाकघर. आजच्या वाचकाला गॅसची शेगडी दिसते, तिथे अग्नी आहे पण धूर नाही, म्हणून नियम मोडला असं वाटतं. मोडलेला नाही. ‘धूर तिथे अग्नी’ याला शेगडीने काहीच बाध येत नाही. तिने मोडला तो ‘अग्नी तिथे धूर’ हा उलटा नियम. ग्रंथकार याच कामासाठी लाल तापलेला लोखंडाचा गोळा, अयोगोलक, वापरतात. दृष्टान्तात मात्र चूलच धरा.

पुस्ती : उलटा नियम का फसतो तेही लगेच शिकून घ्यावं, कारण तिथेच ‘उपाधी’ कळते. मराठीत उपाधी म्हणजे पदवी किंवा मागे लागलेली कटकट. इथे दोन्ही नाही. ‘पर्वतावर धूर आहे, कारण अग्नी आहे’ या अनुमानात ओल्या इंधनाचा संयोग ही उपाधी. तपासायचं असं : साध्य म्हणजे धूर, तो जिथे आहे तिथे ओलं इंधन आहेच. हेतू म्हणजे अग्नी, तो जिथे आहे तिथे ओलं इंधन असेलच असं नाही. लोखंडाच्या गोळ्यात नाही. साध्याला व्यापणारी पण हेतूला न व्यापणारी गोष्ट सापडली की हेतू सोपाधिक (उपाधी असलेला), म्हणजे व्याप्यत्वासिद्ध ठरतो, त्याची व्याप्ती सिद्धच होत नाही.

आणखी प्रश्न : व्यतिरेकात, म्हणजे हाच नियम ‘नाही’च्या रूपात मांडताना, पुन्हा सगळं उलटं का होतं?

उत्तर : अभावांची ठिकाणं मोजा. अग्नी नाही अशी ठिकाणं कमी, धूर नाही अशी जास्त. शेगडी धूर नसलेल्यांत आली, अग्नी नसलेल्यांत नाही. म्हणून ‘जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, यथा महाह्रदः’, म्हणजे जसा मोठा डोह. ‘धूर नाही म्हणून अग्नी नाही’ असं लिहिलं की चूक, आणि नवशिक्यांची सर्वांत जास्त गफलत इथेच होते.

वहीत प्रत्येक अनुमानाला चार रकाने करा : पक्ष (ज्याच्याविषयी अनुमान करायचं ते, इथे पर्वत), साध्य, हेतू, दृष्टान्त. खाली दोन ओळी, ‘जिथे हेतू तिथे साध्य’ आणि ‘जिथे साध्य तिथे हेतू’. दुसरी खोडून काढणारं एक उदाहरण स्वतः शोधा. एका बैठकीला एकच अनुमान पुरे. दीपिका, म्हणजे तर्कसंग्रहावरची अन्नंभट्टांचीच टीका, मूळ लक्षण तोंडपाठ झाल्यावरच उघडावी. आधी उघडली तर आक्षेप आणि उत्तरं यांत लक्षणच हरवतं.

पुस्ती : व्यवहारातल्या अर्थाने घोटाळा करणारे शब्द आणखी आहेत. अनुमान म्हणजे अंदाज नव्हे. अंदाज चुकला तरी अंदाजच असतो, इथे प्रमाण हवं. हेतू म्हणजे उद्देश नव्हे. पक्ष म्हणजे बाजू नव्हे, ज्याच्या ठिकाणी साध्य आहे की नाही असा संशय आहे ती वस्तू, इथे पर्वत. परामर्श म्हणजे आढावा नव्हे, ‘अग्नीने व्याप्त असा धूर या पर्वतावर आहे’ हे एकत्रित ज्ञान. निगमन हे पंचावयवातलं, म्हणजे अनुमान मांडण्याच्या पाच वाक्यांतलं, शेवटचं वाक्य. आजच्या मराठी तर्कशास्त्रात तोच शब्द एका अनुमानपद्धतीला वापरतात, म्हणून दोन विषयांच्या वह्या वेगळ्या ठेवा.

कोश बघायचा तर झळकीकरांच्या न्यायकोशाने सुरुवात करू नये, त्यात अर्थ संस्कृतातच आहेत. आधी वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान-महाकोश, तीन खंडांचा. न्यायकोश नंतर, एकच शब्द कोणत्या ग्रंथात कोणत्या अर्थाने आला हे ताडून बघायला.