रशियन क्रांती कादंबरीतून कितपत कळते?

निळी_शाई :
शोलोखोव यांची ‘अँड क्वाएट फ्लोज द डॉन’ ही डॉन नदीकाठच्या कॉसॅकांवरची, म्हणजे शेती करणाऱ्या आणि घोडदळात लढणाऱ्या समाजावरची, चार खंडांची कादंबरी नुकतीच वाचून झाली. तिचा नायक ग्रिगोरी मेलेखोव १९१८ च्या आरंभी बोल्शेविकांच्या लाल सैन्याकडून लढतो, पुढच्या वर्षी त्याच सैन्यावर तलवार उपसतो, मग बुद्योन्नीच्या लाल घोडदळात जातो आणि अखेरीस एका बंडखोर टोळीत सापडतो. यातले इतिहास म्हणून काय धरावे? शिवाय १९१९ मध्ये वरच्या डॉनचा मुलूख एकाएकी का पेटतो, हे मला नीट उमगले नाही.

जुना_वाचक :
मेलेखोव कल्पित आहे, पण पोदत्योल्कोव आणि चेर्नेत्सोव ही खरी माणसे आहेत. लाल कॉसॅकांचा पुढारी असलेल्या पोदत्योल्कोवने १९१८ च्या आरंभी कैदेतल्या चेर्नेत्सोव या बोल्शेविकविरोधी कॉसॅक अधिकाऱ्याला ठार केले आणि त्याच वर्षी मे महिन्यात विरोधी कॉसॅकांनी पोदत्योल्कोवला फासावर चढवले. लेखकाने ग्रिगोरीला दोन्ही ठिकाणी हजर ठेवले, एवढीच त्यातली कल्पना.

उंबरठा :
निळी_शाई, ते ‘एकाएकी’ नव्हते. २४ जानेवारी १९१९ रोजी बोल्शेविक पक्षाच्या मध्यवर्ती समितीकडून एक परिपत्रक निघाले. त्यात श्रीमंत कॉसॅकांचा सरसकट संहार करावा, धान्य जप्त करावे आणि शस्त्रे काढून घ्यावीत, असे आदेश होते. मार्चमध्ये वरच्या डॉनच्या व्योशेन्स्काया भागात उठाव झाला. गावकऱ्यांना मात्र हा कागद दिसत नाही. त्यांना दिसते ते एवढेच, की ग्रिगोरीच्या सासऱ्यांना, मिरोन यांना, धरून नेले, गोळी घातली आणि त्यांचे प्रेत व्याह्यांनी घरी आणले. कारण आपण बाहेरून जाणून घ्यायचे. त्या घरातली रात्र मात्र परिपत्रकात सापडणार नाही.

तळटीप :
सहमत आहे, पण एक पुस्ती जोडतो. ही कादंबरी १९२८ पासून मॉस्कोच्या मासिकात क्रमशः येत होती आणि नेमका या उठावाचा भाग आला तेव्हा १९२९ मध्ये ती थांबली. पुढचे प्रकरण छापायला १९३२ उजाडले. त्यामुळे ‘सोव्हिएत लेखक, म्हणजे एकतर्फी’ असे म्हणून तिला बाजूला सारणे मला पटत नाही. क्रांती जिथे झाली त्या पेत्रोग्राडचे कामगार मात्र तिच्यात फारसे भेटत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरीकडेच जावे लागेल.

निळी_शाई :
आभारी आहे. मिरोन यांचे प्रकरण मी घरगुती शोक समजून भराभर ओलांडले होते. तिसरा खंड पुन्हा काढतो आहे.