इंग्रजीत ‘मायसेल्फ’, ‘इटसेल्फ’ कुठे लावायचं आणि कुठे नाही?

सिल्लारीचा_गाईड

नमस्कार मंडळी. मी पेंचच्या सिल्लारी गेटवर गाईड आहे. पावसाळ्यात कोर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद असतो, तेव्हा नागपूरला मानकापुरात भावाकडे येऊन राहतो आणि इंग्रजी पक्कं करतो. जनावरांची नावं, पाणवठे, अलार्म कॉल, पगमार्क हे सगळं सांगणं जमते. अडते ते सेल्फवाल्या शब्दांपाशी.

अस्वल अंग खाजवून राहिलं तर ‘द बेअर इज स्क्रॅचिंग इटसेल्फ’. मग वाघ खाली बसला तर ‘द टायगर सॅट डाउन इटसेल्फ’ का नाही? गेटवर सगळेच पाहुण्यांना ‘डिड यू एन्जॉय?’ विचारतात, पुस्तकात मात्र ‘एन्जॉय युवरसेल्फ’ आहे. बर्डीवरच्या एका क्लासमध्ये शिकवलं की मराठी वाक्यात ‘स्वतः’ आला की सेल्फ लावायचा. पण ‘मला लागलं’ यात ‘स्वतः’ आहे कुठे? तरी इंग्रजीत ‘आय हर्ट मायसेल्फ’ म्हणतात. कोणी नीट समजावून सांगेल का?

धरमपेठच्या_बाई

भाऊ, तो क्लासमधला नियम आधी बाजूला ठेवा. मराठी वाक्यात ‘स्वतः’ शोधायचाच नाही. विचारायचं ते इंग्रजी क्रियापदाला: तुला कर्म लागतं का?

‘लिक’ घ्या. चाटणं म्हटलं की काय चाटलं ते इंग्रजीत सांगावं लागतं. वाघीण बछड्याला चाटत असेल तर ‘शी इज लिकिंग हर कब’. स्वतःचंच अंग चाटत असेल तर कर्माची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तिथे ‘हरसेल्फ’ येतो. करणारी तीच, करून घेणारीही तीच. रानडुकरानं अंगाला चिखल माखून घेतला, तर ‘द बोअर कव्हर्ड इटसेल्फ विथ मड’. आपल्याकडे हे काम ‘घेणे’ हे क्रियापद करतं: माखून घेतला, आवरून घेतलं. ‘स्वतः’ची गरजच पडत नाही. ‘मला लागलं’, ‘मला भाजलं’ यांतही तसंच. ‘लागणे’ आपल्याकडे आपसूक होतं, पण इंग्रजीत ‘हर्ट’ला कोणाला दुखापत झाली ते हवं असतं. म्हणून ‘आय हर्ट मायसेल्फ’, ‘आय बर्न्ट मायसेल्फ’.

आता ‘सिट’, ‘लाय डाउन’, ‘गेट अप’, ‘हरी’, ‘रिलॅक्स’, ‘कॉन्सन्ट्रेट’. बसण्याची क्रिया बसणाऱ्यापाशीच संपते, तिथे कर्माला जागाच नाही. म्हणून वाघ नुसता ‘सॅट डाउन’. पण ‘सीट’ हे वेगळं क्रियापद आहे, त्याचा अर्थ बसवणे. त्याला कर्म लागतं, म्हणून जिप्सीत चढणाऱ्या पाहुण्यांना ‘प्लीज सीट युवरसेल्व्ज’ म्हटलेलं अगदी बरोबर. साधं ‘प्लीज सिट डाउन’ त्याहून बरं.

तुम्हाला रोज लागेल अशी एक गोष्ट. ‘यू’ एकाला आणि सहा जणांना सारखाच, पण सेल्फ लागला की इंग्रजीला एक की अनेक ते सांगावंच लागतं. एकटा पाहुणा असेल तर ‘युवरसेल्फ’, भरलेली जिप्सी असेल तर ‘युवरसेल्व्ज’.

अंघोळ, दाढी, कपडे घालणं यांत पोरं फार चुकतात. ‘वॉश’, ‘शेव्ह’, ‘ड्रेस’ यांना कर्म चालतं, तरी मोठ्या माणसाबद्दल इंग्रज ते बोलतच नाही. ‘ही शेव्ह्ड’ एवढंच. रोजचं काम जो तो आपलं आपण करतो, हे गृहीतच असतं. जिथे आपलं आपण करणं ही सांगण्यासारखी गोष्ट असते तिथे सेल्फ परत येतो. लहान मूल पहिल्यांदा स्वतःच्या हातानं कपडे घालतं तेव्हा ‘शी कॅन ड्रेस हरसेल्फ नाउ’.

आणि ‘एन्जॉय’. याला कर्म हवंच. ‘डिड यू एन्जॉय द सफारी?’ किंवा ‘डिड यू एन्जॉय युवरसेल्व्ज?’ यांपैकी एक म्हणा. हॉटेलात ताट ठेवताना नुसतं ‘एन्जॉय!’ म्हणतात ते चालतं, कारण ताट समोर असतं. प्रश्न विचारताना मात्र वाक्य अर्धं राहतं. आपल्या भागात हे इतकं सर्रास झालं आहे की मला त्याचं वाईट वाटतं, कारण एका शब्दात ते दुरुस्त होतं.

खंडपीठ_भाषांतरकार

बाईंनी मुळाशी हात घातला आहे. मी नागपूर खंडपीठातल्या प्रकरणांची कागदपत्रं भाषांतरित करतो, तिथली थोडी भर घालतो.

काही क्रियापदं सेल्फशिवाय उभीच राहत नाहीत. कामावर न सांगता गैरहजर राहिला: ‘ही अ‍ॅब्सेंटेड हिमसेल्फ फ्रॉम ड्यूटी’. शपथेवर खोटं बोलला: ‘ही पर्जर्ड हिमसेल्फ’. अभिमान बाळगणे: ‘प्राइड वनसेल्फ ऑन’. सरकारी नोटिशीत ‘अव्हेल द फॅसिलिटी’ लिहिलेलं दिसतं. भारतात ते रुळलं आहे, पण ब्रिटिश वळणाची इंग्रजी तिथे ‘अव्हेल युवरसेल्फ ऑफ द फॅसिलिटी’ मागते.

पण सगळ्यात जपायची जागा दुसरीच आहे. जबाबात ‘साक्षीदार म्हणाला की आरोपीने स्वतःला इजा केली’ असं असेल तर इजा आरोपीला झाली. ‘आरोपीने आपल्याला इजा केली’ असं असेल तर साक्षीदाराला. मराठीचा ‘आपण’ पोटवाक्यातून बाहेर पडून मुख्य वाक्याच्या कर्त्यापर्यंत पोहोचतो. इंग्रजीचा ‘हिमसेल्फ’ तसं करत नाही. ‘द विटनेस सेड दॅट द अक्यूज्ड हॅड हर्ट हिमसेल्फ’ याचा एकच अर्थ: दुखापत आरोपीला. साक्षीदाराला झाली असेल तर ‘हर्ट हिम’, आणि तो ‘हिम’ तिसराच कोणी असू शकतो. म्हणून मी तिथे सर्वनाम टाळून ‘हर्ट द विटनेस’ लिहितो. सेल्फवाल्या शब्दाचा धनी त्याच्याच वाक्यखंडात सापडला पाहिजे, हाच नियम भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९८१ साली मांडलेल्या सिद्धांतात ‘प्रिन्सिपल ए’ या नावानं येतो. एमएला तो वाचला तेव्हा कोरडा वाटला होता. जबाब हातात आल्यावर त्याची किंमत कळली.

सिल्लारीचा_गाईड

बाई, सर, दोघांचेही आभार. ‘कर्म लागतं का’ हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. आणखी तीन शंका. वानरं एकमेकांच्या अंगातल्या उवा काढतात, तेव्हा ‘देमसेल्व्ज’ का? ‘मी स्वतः वाघ पाहिला’ कसं म्हणायचं? आणि ‘मायसेल्फ सुनील’ अशी ओळख करून दिली तर चूक काय, सगळेच तर म्हणतात?

धरमपेठच्या_बाई

वानरांना ‘देमसेल्व्ज’ लावलं तर जो तो आपापलंच अंग साफ करतो आहे असा अर्थ होईल. एकमेकांचं करत असतील तर ‘दे आर ग्रूमिंग ईच अदर’. दुर्बिणीतून काय दिसतं ते बघून शब्द निवडा.

‘मी स्वतः पाहिला’ यात ‘स्वतः’ नुसता जोर देण्यासाठी आहे. कर्म वाघ आहे, ते आधी सांगून टाका: ‘आय सॉ द टायगर मायसेल्फ’. वाघ गाळून ‘आय सॉ मायसेल्फ’ म्हणालात तर पाण्यात तुमचंच प्रतिबिंब दिसलं असं ऐकणारा समजेल.

‘मायसेल्फ सुनील’चं उत्तर सरांच्या नियमातच आहे. धनी वाक्यात आधी यावा लागतो, मग त्याचा सेल्फ. इथे वाक्याची सुरुवातच सेल्फनं होते, ‘आय’ कुठेच नाही, आणि क्रियापदही नाही. ‘आय अ‍ॅम सुनील’ म्हणा, किंवा ‘माय नेम इज सुनील’. ऐटीत सांगायचं असेल तर ‘लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ’. सगळे म्हणतात हे खरं, आणि भारतीय माणसाला ते कळतंही. पण तुमच्या जिप्सीत लांबून आलेली माणसं बसणार, त्यांच्यासमोर पहिलं वाक्य निर्दोष असावं असं मला मनापासून वाटतं.

एक तुम्ही विचारलं नाहीत, पण लागेल. जागा दाखवणाऱ्या शब्दांनंतर, म्हणजे ‘विथ’, ‘बिहाइंड’, ‘बिसाइड’ यांच्यानंतर, सेल्फ सहसा येत नाही. वाघिणीनं मागे वळून पाहिलं: ‘शी लुक्ड बिहाइंड हर’. बाटल्या आणि रॅपर जंगलात टाकू नका, सोबत परत न्या: ‘प्लीज टेक युवर बॉटल्स बॅक विथ यू’. इथे ‘विथ युवरसेल्व्ज’ नको. ‘बाय’ची गोष्ट वेगळी. बछडा एकटाच दिसला तर ‘द कब इज बाय इटसेल्फ’, म्हणजे आई जवळ दिसत नाही. हे वाक्य हळू आवाजात म्हणायचं आणि ड्रायव्हरला जिप्सी तिथेच थांबवायला सांगायची.